प्रश्नपत्रिका अवघड की विद्यार्थी कच्चा?

एखाद्या विद्यार्थिनीला नोव्हेंबरमधील इंग्रजीच्या परीक्षेत १५० पैकी ११० गुण मिळाले आणि पुढच्या जूनमध्ये १२० मिळाले, तर या सात महिन्यांत तिचे इंग्रजी सुधारले असे म्हणता येईल का? चटकन 'हो' म्हणावेसे वाटते. पण जूनची प्रश्नपत्रिकाच सोपी असेल तर? सकाळी ३७ अंश आणि संध्याकाळी ३८ अंश तापमान दिसले, तर आपण ताप वाढला असे निःशंकपणे म्हणतो, कारण दोन्ही वेळा तापमापी तीच असते. परीक्षेत मात्र दर वेळी तापमापीच नवी असते! शिवाय ती किती बरोबर दाखवते हे ठरवायला त्याच विद्यार्थ्यांच्या उत्तरांखेरीज आपल्याजवळ दुसरे काही नसते.

ही अडचण केवळ पुस्तकी नाही. २०१८ साली चीनमधील झेजियांग प्रांतात तिने मोठेच वादळ उठवले. तो प्रसंग समजून घेण्यासाठी चीनमधील उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या इंग्रजी श्रवणाची आणि वाचनाची परीक्षा कशी होते, हे आधी पाहू.

गाओकाओ आणि इंग्रजी

चीनमध्ये विद्यापीठ प्रवेशासाठी होणाऱ्या परीक्षेला 'गाओकाओ' म्हणतात. ती १९५२ साली सुरू झाली, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात १९६६ पासून बंद पडली आणि १९७७ च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. २०२४ साली या परीक्षेसाठी १ कोटी ३४ लाख २० हजार विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. कोणत्या विद्यापीठात प्रवेश मिळणार हे मुख्यतः या गुणांवर ठरत असल्याने एकेका गुणाला तेथे विलक्षण महत्त्व आहे.

परीक्षा पुन्हा सुरू झाल्यावर परकीय भाषेचे गुण एकदम एकूण गुणांत धरले गेले नाहीत. १९८० मध्ये ३० टक्के, १९८१ मध्ये ५० टक्के, १९८२ मध्ये ७० टक्के असे करत करत १९८३ पासून ते पूर्णपणे धरले जाऊ लागले. रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच व स्पॅनिश या भाषाही घेता येतात, पण बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजीच घेतात.

सध्याच्या नव्या आराखड्यात इंग्रजीच्या १५० गुणांची वाटणी अशी आहे : श्रवण ३०, वाचन ५०, भाषेचा उपयोग ३० आणि लेखन ४०. श्रवणाच्या भागात २० प्रश्न असतात. पहिले पाच छोटे संवाद एकदाच ऐकवतात. त्यानंतरचे मोठे संवाद व निवेदने दोनदा ऐकवतात. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय आणि दीड गुण असतो. वाचनात चार उतारे व त्यांवर १५ प्रश्न असतात. त्या प्रश्नांना प्रत्येकी चार पर्याय असतात. त्यानंतर पाच जागा गाळलेला एक उतारा आणि खाली सात वाक्ये देतात. योग्य पाच वाक्ये निवडून त्या जागी बसवायची. येथे प्रत्येक प्रश्नाला अडीच गुण असतात.

इतर विषयांच्या पेपरला थोडा उशीर झालेल्या विद्यार्थ्याला आत घेतात. परकीय भाषेच्या पेपरला मात्र सुरुवातीच्या १५ मिनिटे आधीच प्रवेश बंद होतो. कारण उघड आहे. छापलेला उतारा विद्यार्थ्याची वाट पाहतो, ऐकवलेला संवाद पाहत नाही.

ऐकणे आणि वाचणे यांत फरक काय?

वाचताना अडलेल्या वाक्यावर पुन्हा जाता येते, स्वतःच्या गतीने पुढे सरकता येते. ऐकताना गती बोलणाऱ्याच्या हाती असते. आलेला शब्द ओळखायचा, मागचे वाक्य ध्यानात ठेवायचे आणि पुढचे झेलायचे, ही तिन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात.

आणखी एक फरक सहसा आपल्या लक्षात येत नाही. छापील इंग्रजीत दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, बोलण्यात ती नसते. 'ॲन एम' आणि 'अ नेम' हे शब्द बोलताना जवळजवळ सारखेच ऐकू येतात. शब्द कोठे संपला हे वाचकाला आयते कळते, श्रोत्याला ते शोधून काढावे लागते. चिनी लिपीत तर शब्दांमध्ये मोकळी जागा सोडतच नाहीत. त्यामुळे इंग्रजी वाचताना चिनी विद्यार्थ्याला एक अधिकची मदत मिळते आणि ऐकताना नेमकी तीच नाहीशी होते.

त्यात भर पडते ती त्याच्या मातृभाषेच्या ध्वनिरचनेची. प्रमाण चिनी भाषेतील अक्षराचा शेवट स्वराने किंवा 'न्', 'ङ्' यांसारख्या अनुनासिकाने होतो. 'र्' सोडला तर इतर व्यंजनांनी तो होत नाही. स्वराघात बाजूला ठेवले तर या भाषेत निरनिराळी अक्षरे सुमारे ४०० च आहेत. इंग्रजीत मात्र 'बिट' आणि 'बिड' यांतला भेद शेवटच्या व्यंजनावर असतो. 'हेल्प्ड' सारख्या शब्दात तीन व्यंजने ओळीने येतात आणि भूतकाळाची खूण त्यांतल्या अगदी शेवटच्या ध्वनीत असते. हा ध्वनी कानातून निसटला की काळही निसटतो. तोच शब्द कागदावर दिसला तर त्याच विद्यार्थ्याला काही अडचण येत नाही.

मराठी मुलाला 'हाक', 'घाट', 'पाठ' असे व्यंजनान्त उच्चार रोजचे असल्याने ही अडचण फारशी जाणवत नाही. त्याचा घोटाळा इंग्रजीतील दोन निरनिराळ्या 'व'मध्ये होतो, कारण मराठीत त्यांसाठी एकच अक्षर आहे. म्हणजे 'हा प्रश्न अवघड आहे' हे विधान अपुरे आहे. तो कोणासाठी अवघड आहे, हेही सांगावे लागते. काठिण्य ही प्रश्नाच्या अंगी कायमची चिकटलेली गोष्ट नाही. ती प्रश्न आणि विद्यार्थी या दोघांमधून निर्माण होते.

आपण नक्की काय मोजतो?

समजा, एका संवादात बाई म्हणतात, "आपली गाडी सव्वानऊला सुटते ना?" आणि गृहस्थ उत्तर देतात, "हो, अजून वीस मिनिटे आहेत." प्रश्न असा की, आता किती वाजले? उत्तर आठ वाजून पंचावन्न मिनिटे. या प्रश्नात विद्यार्थी चुकला तर तो कशात चुकला? कदाचित त्याला 'सव्वानऊ' ऐकूच आले नसेल. कदाचित दोन्ही आकडे नीट ऐकूनही वजाबाकी चुकली असेल. उत्तरपत्रिकेत दोन्ही चुका सारख्याच दिसतात.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. श्रवणाच्या परीक्षेत प्रश्न आणि पर्याय इंग्रजीतच छापलेले असतात. ज्याचे वाचन मंद आहे तो पुढचा संवाद सुरू होण्यापूर्वी पर्याय वाचून संपवू शकत नाही. त्याचे श्रवणाचे गुण कमी पडतात, पण दोष वाचनाचा असतो. उलट, चलाख विद्यार्थी पर्याय आधी वाचून संवाद कशाविषयी असेल याचा अंदाज बांधतो आणि अर्धवट ऐकूनही उत्तर देतो. वाचनाच्या परीक्षेतही असेच घडते. काही प्रश्नांची उत्तरे उतारा न वाचता, केवळ सामान्यज्ञानावर देता येतात. असे प्रश्न वाचन मोजत नाहीत.

तिसरी गोष्ट अंदाजाची. श्रवणाच्या २० प्रश्नांना तीन-तीन पर्याय आहेत. काहीच न ऐकता डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी २० भागिले ३, म्हणजे सुमारे ६.७ प्रश्न बरोबर येतील आणि ३० पैकी १० गुण मिळतील. ही सरासरी झाली. अशा खुणा करणाऱ्या १०० विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९ जणांचे निम्मे किंवा अधिक प्रश्न बरोबर येतील! उताऱ्यांवरील १५ प्रश्नांना चार पर्याय असल्याने तेथे निम्म्याहून अधिक, म्हणजे ८ किंवा अधिक, प्रश्न नुसत्या अंदाजाने बरोबर येणारे १०० मध्ये सुमारे दोघेच असतील. म्हणून श्रवणातील ५० टक्के आणि वाचनातील ५० टक्के यांचा अर्थ एक नाही. 'हा विद्यार्थी दोन्हींत सारखाच आहे' असे त्यावरून म्हणता येत नाही.

झेजियांगमध्ये काय घडले?

वर्षातून एकदाच होणाऱ्या परीक्षेचा ताण कमी व्हावा म्हणून झेजियांग प्रांताने इंग्रजीची परीक्षा दोनदा देण्याची सोय केली. पहिली परीक्षा ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. दोहोंपैकी जास्त असतील ते गुण ग्राह्य धरायचे ठरले. हेतू चांगला होता. पण दोन वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांचे गुण एकमेकांशेजारी ठेवायचे, म्हणजे त्या सारख्याच अवघड असायला हव्यात.

नोव्हेंबर २०१८ ची प्रश्नपत्रिका आदल्या वर्षीच्या त्याच वेळच्या प्रश्नपत्रिकेपेक्षा अवघड निघाली. तेव्हा परीक्षा घेणाऱ्या प्रांतिक संस्थेने वाचन आणि भाषेचा उपयोग या भागांतील काही अवघड प्रश्नांना अधिक भार देऊन गुण काढले. निकाल लागताच विद्यार्थी व पालक संतापले. आपल्या अंदाजाशी गुण जुळेनात आणि ते कसे काढले हे कोणी आधी सांगितलेले नव्हते. प्रांताच्या गव्हर्नरच्या नेतृत्वाखाली चौकशी झाली. भार देण्याचा निर्णय चुकीचा असल्याचा निष्कर्ष निघाला आणि डिसेंबर २०१८ च्या सुरुवातीला तो रद्द करून मूळ गुण कायम करण्यात आले. जबाबदार अधिकाऱ्यांवर कारवाईही झाली.

हेतू काठिण्याची दुरुस्ती करण्याचा होता, मग चुकले कोठे? एक छोटे उदाहरण घेऊ. अनिता आणि बबन यांना प्रत्येकी १०० मूळ गुण मिळाले आहेत. अनिताच्या १०० पैकी २० गुण अवघड प्रश्नांतून आले, तर बबनचे ३०. आता अवघड प्रश्नांचे गुण १.२ ने गुणले, तर अनिताचे १०४ होतील आणि बबनचे १०६. दोघांनी एकच प्रश्नपत्रिका सोडवली होती, दोघे बरोबरीत होते, आणि दुरुस्तीनंतर बबन पुढे गेला. एका प्रश्नाला किती गुण, हे परीक्षेपूर्वी जाहीर असते. वेळ कोठे खर्च करायचा हे विद्यार्थी त्यावरून ठरवतात. खेळ संपल्यावर नियम बदलला असाच याचा अर्थ होतो.

खरी दुरुस्ती एकूण गुणांवर करायची असते. 'या प्रश्नपत्रिकेतील १०० म्हणजे त्या प्रश्नपत्रिकेतील १०४' असे कोष्टक तयार करायचे आणि ते सर्वांना सारखेच लावायचे. अनिता आणि बबन दोघांचेही १०४ होतात, आपापसांतला क्रम बदलत नाही. यालाच चाचण्यांचे समतुल्यीकरण म्हणतात. प्रश्नांचा भार बदलणे आणि समतुल्यीकरण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

मात्र असे कोष्टक करण्यासाठी दोन प्रश्नपत्रिकांना जोडणारा दुवा लागतो. एक तर काही प्रश्न दोन्हींत समान हवेत, किंवा काही विद्यार्थ्यांनी दोन्ही प्रश्नपत्रिका एकाच सुमारास सोडवलेल्या हव्यात. समान प्रश्नांवर दोन्ही गटांची कामगिरी सारखी आणि बाकीच्या प्रश्नांवर वेगळी दिसली, तर फरक प्रश्नपत्रिकांत आहे. समान प्रश्नांवरच ती वेगळी दिसली, तर फरक विद्यार्थ्यांत आहे. युक्ती इतकी साधी आहे. पण गाओकाओची प्रश्नपत्रिका वापरापूर्वी अतिगोपनीय असते आणि परीक्षा झाल्यावर ती सर्वांच्या हाती पडते. एकदा वापरलेला प्रश्न पुन्हा वापरता येत नाही आणि नवा प्रश्न आधी कोणावर तपासून पाहिला तर तो फुटण्याची भीती असते. गुप्तता परीक्षेला प्रामाणिक ठेवते, पण मापन मात्र अवघड करते.

परीक्षा बदलली की शिकवणे बदलते का?

हे प्रश्न चिनी अभ्यासकांना नवे नव्हते. १९८५ साली ग्वांगडोंग प्रांतात प्रमाणित स्वरूपाची इंग्रजी प्रवेश परीक्षा प्रयोगादाखल घेण्यात आली. ग्वांगझौ येथील परकीय भाषा संस्थेतील ग्वे शिचुन आणि ली श्याओजू यांचा त्यात पुढाकार होता. गुण अधिक विश्वसनीय व्हावेत हा एक हेतू होताच. दुसरा हेतू असा की, व्याकरणाचे नियम पाठ करण्याऐवजी भाषा प्रत्यक्ष वापरण्यावर परीक्षेने भर दिला, तर शाळांतील शिकवणेही तसेच बदलेल.

पुढे ची लूश्या यांनी परीक्षा रचणारे, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्याशी बोलून व वर्ग पाहून या दुसऱ्या हेतूचे काय झाले याचा अभ्यास केला आणि २००४-०५ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. अपेक्षित बदल बव्हंशी झालाच नाही, असे त्यांना आढळले. शाळांनी भाषेच्या वापराऐवजी प्रश्नप्रकारांचा सराव वाढवला. याचे कारण त्यांच्या मते परीक्षेच्या दुहेरी कामात होते. जी परीक्षा विद्यार्थ्यांची निवड करते, तिच्यात गुण मिळवणे हेच सर्वांचे ध्येय बनते. त्याच परीक्षेने शिकवण्याला चांगले वळणही लावावे, ही अपेक्षा मग मागे पडते.

तरीही जे मोजलेच जात नाही ते वर्गात दुर्लक्षित राहते, हेही खरे. म्हणून ग्वांगडोंगने २०११ पासून श्रवण आणि संभाषण यांची परीक्षा संगणकावर घ्यायला सुरुवात केली. बीजिंगमध्ये २०२१ पासून १५० पैकी ५० गुण संगणकावरील श्रवण-संभाषणासाठी आहेत. त्यांत श्रवणाचे ३० आणि बोलण्याचे २०.

आपल्या वर्गात करून पाहण्याजोगे

आपल्या घटक चाचण्यांवर कोणाचा विद्यापीठ प्रवेश अवलंबून नसतो. पण 'हा वाचनात कच्चा आहे' असा शिक्का आपणही एखाद्या चाचणीवरून मारतोच. तो मारण्यापूर्वी पुढील गोष्टी करून पाहता येतील. त्यांना कागद, पेन्सिल आणि एखादा तास पुरतो.

पहिली गोष्ट : प्रत्येक प्रश्न वर्गातील किती जणांनी बरोबर सोडवला त्याचे प्रमाण काढावे. मग एकूण गुणांनुसार वरचे एक तृतीयांश आणि खालचे एक तृतीयांश विद्यार्थी घ्यावेत. ६० च्या वर्गात हे गट २०-२० चे होतील. एखादा प्रश्न वरच्या गटातील १६ आणि खालच्या गटातील ६ जणांनी बरोबर सोडवला, तर फरक १० भागिले २० म्हणजे ०.५ येतो. हा प्रश्न चांगला. वरच्या गटातील ८ आणि खालच्या गटातील ९ जणांना तो आला असेल, तर दोष बहुधा प्रश्नात आहे. त्याचे शब्द किंवा पर्याय तपासावेत.

दुसरी : वाचनाचे प्रश्न उताऱ्याशिवाय दुसऱ्या तुकडीला सोडवायला द्यावेत. चार पर्यायांच्या प्रश्नात सुमारे चौथा हिस्सा उत्तरे बरोबर येणे स्वाभाविक आहे. ज्या प्रश्नात त्याहून बरीच जास्त येतील, तो प्रश्न उताऱ्याच्या वाचनावर अवलंबून नाही.

तिसरी : चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग करावेत. एकच उतारा एका भागाला वाचून दाखवावा आणि दुसऱ्या भागाला छापून द्यावा. प्रश्न व पर्याय मात्र दोघांनाही मराठीत द्यावेत. आता श्रवणाच्या चाचणीत इंग्रजी वाचनाची भेसळ राहणार नाही. दुसऱ्या दिवशी भाग बदलून नवा उतारा घ्यावा. कोणत्या प्रश्नांत ऐकणारे मागे पडतात ते पाहिले की कानाची अडचण नेमकी कोठे आहे ते कळेल.

चौथी गोष्ट प्रश्नांच्या संख्येची. स्पिअरमन आणि ब्राउन यांनी १९१० साली स्वतंत्रपणे दिलेल्या सूत्रानुसार, २० प्रश्नांच्या चाचणीची विश्वसनीयता ०.८ असेल, तर तशाच प्रकारच्या ५ प्रश्नांच्या चाचणीची ती ०.५ च भरते. म्हणजे विद्यार्थ्यांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला निम्मा केवळ योगायोगाचा. पाच प्रश्नांवरून कोणालाही हुशार किंवा कच्चे ठरवू नये.

आणि पाचवी : दर सत्राच्या चाचणीत मागच्या सत्रातील चार-पाच चांगले प्रश्न, उत्तरे वर्गात न सांगता, पुन्हा घालावेत. झेजियांगकडे जो दुवा नव्हता तो आपल्याला इतक्या सहज मिळू शकतो. वर्गाची सरासरी दहाने घसरली, पण या जुन्या प्रश्नांवरील कामगिरी पूर्वीइतकीच राहिली, तर मुलांना रागावण्याआधी आपली नवी प्रश्नपत्रिका पुन्हा एकदा वाचून पाहावी.